शून्य दिसल्याशिवाय चाक उतरवूच नका!

चाक मशीनवर चढवलं, एकदा गरगर फिरवलं, दोन वजनं ठोकली, झालं बॅलन्सिंग, म्हणजे चाकाचं वजन चहूकडे सारखं? नाशिकच्या द्वारक्याचा पूल ओलांडून ओझरकडे नव्वदचा वेग घेतला की स्टिअरिंग पुन्हा थरथरतंच!

रिमच्या आतल्या बाजूला पावसाळ्यातला चिखल वाळून बसलेला असतो. तो कोण खरवडणार? त्याच्यासकट वजनं लावायची, आणि चार दिवसांनी ढेकूळ गळून पडलं की सगळा हिशोब बोंबलला. जुनी वजनं तशीच, त्यांच्या शेजारी नवी! अरे, आधी ती काढा ना. रिमचं मशीनपासूनचं अंतर, रुंदी, व्यास मशीनमध्ये भरायचे असतात. मागच्या गाडीचेच आकडे कसे चालतील? चाक मशीनवर धरणारा शंकू, म्हणजे कोन, मध्यभागी बसला नाही तर मशीन वाटेल ते दाखवणार. अलॉय रिमवरची धूळ न पुसता वजनं चिकटवली तर ती पहिल्या धुलाईतच जाणार. मशीन शंभरेक ग्रॅम मागत असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवा, पुन्हा मोजा. नुसती वजनं काय चढवत बसता?

आणि वजनं लावल्यावर दुसऱ्यांदा फिरवून दोन्ही बाजूंना शून्य बघायचं, एवढंही सांगावं लागतं? मिनिटभराचं काम आहे हो!

थरथर सांगितली की उत्तर ठरलेलं, ‘साहेब, अलाइनमेंट करून घ्या.’ म्हणजे चाकांची दिशा जुळवणं. गाडी एका बाजूला ओढते तेव्हा अलाइनमेंट. ठरावीक वेगाला थरथरते तेव्हा आधी बॅलन्सिंगच बघायचं. मागचं चाक असेल तर थरथर सीटखाली जाणवते, म्हणून चारही चाकं करा. पुढची दोनच उतरवून चारांचे पैसे कसले घेता?