क्वेस्टरला खजिनदार म्हणून मोकळं होऊ नका

प्राचीन रोममधल्या 'क्वेस्टर' या पदाचा विषय निघाला की आपण बहुतेकदा 'खजिनदार' म्हणून पुढे जातो. मला हे मनापासून खटकतं. म्हणून आज जरा सविस्तर लिहितोय.

हा शब्द आला लॅटिनमधल्या 'क्वेरेरे' या क्रियापदावरून. शोधणं, विचारणं, चौकशी करणं हा त्याचा अर्थ. त्यात पैसा कुठेच नाही. सुरुवातीच्या रोममध्ये 'क्वेस्टोरेस पॅरिसिडी' नावाचे अधिकारी असत आणि त्यांच्याकडे खुनाचा तपास असे. हेच अधिकारी पुढे तिजोरीवर आले, की ही दोन पदं पहिल्यापासूनच वेगळी होती, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण इ.स.पूर्व पहिल्या शतकातला विद्वान व्हॅरो दोन्ही कामं एका दमात सांगतो: सरकारी पैसा आणि गुन्हे, दोन्हींचा माग काढतात ते क्वेस्टर. मला व्हॅरोचं म्हणणं पटतं.

तिजोरी होती फोरममधल्या (रोमच्या मुख्य चौकातल्या) सॅटर्नच्या देवळात. पैशाबरोबर सरकारी दप्तरही तिथेच. आधी क्वेस्टर दोन, इ.स.पू. 421 पासून चार, असं करत करत हुकूमशहा सुल्लाने इ.स.पू. 81 मध्ये ते 20 केले. शिवाय क्वेस्टर झालेल्याला थेट सिनेटमध्ये जागा दिली. पदाचं खरं नुकसान इथे झालं, असं माझं ठाम मत आहे. तिशीतला तरुण, मुदत एक वर्षाची, डोळा पुढच्या पायरीवर. तो जुनं दप्तर कशाला उपसेल?

अर्थात सुल्लाच्या आधीही सगळं आलबेल नव्हतं. व्हेरेसचंच बघा. हा कार्बो नावाच्या कॉन्सलचा, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एकाचा, क्वेस्टर. यादवी युद्धात तो लष्कराचे पैसे घेऊन सरळ कार्बोच्या शत्रूच्या, सुल्लाच्या गोटात गेला. नंतर त्याने दिलेला हिशोब प्रसिद्ध वक्ता सिसेरोने त्याच्याविरुद्धच्या भाषणात जसाच्या तसा दिलाय. मिळाले 22,35,417 सेस्टर्स (रोमन नाणी). पगार, धान्य, अधिकारी वगैरेंवर खर्च 16,35,417. अरिमिनममध्ये (आजचं रिमिनी) ठेवले 6,00,000. संपला हिशोब! खर्च शेवटच्या 17 नाण्यांपर्यंत काटेकोर आणि शिल्लक मात्र बरोबर सहा लाख. बेरीज अचूक आहे, खजिनदाराला त्यात खोट काढता येणार नाही. पण ज्याचं काम विचारण्याचं, तो पहिलाच प्रश्न करेल: कुणाला किती दिले? अरिमिनममध्ये कुणाकडे ठेवले?

असे प्रश्न विचारणारा क्वेस्टर रोमला मिळाला तो धाकटा कॅटो, इ.स.पू. 60 च्या दशकाच्या मध्यात. ग्रीक चरित्रकार प्लुटार्क लिहितो की या पदाला उभं राहण्याआधी त्याने पदाचे कायदे वाचून काढले. तिजोरीचा खरा कारभार तेव्हा कायमच्या कारकुनांच्या हातात होता. दर वर्षी नवा साहेब यायचा, त्यांच्याकडूनच काम शिकायचा आणि निघून जायचा. कॅटोने हे चालू दिलं नाही. लबाडी करणाऱ्यांना त्याने घरी बसवलं, सरकारची थकलेली येणी वसूल केली आणि सरकार ज्यांचं देणं लागत होतं त्यांचे पैसेही चुकते केले. ही दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोठी वाटते.

आणि मग त्याने सुल्लाच्या काळातल्या नोंदींना हात घातला. सुल्लाने आपल्या विरोधकांच्या याद्या लावल्या होत्या, आणि यादीतल्या माणसाला मारणाऱ्याला सरकारी तिजोरीतून बक्षीस मिळे, प्लुटार्कच्या आकड्याप्रमाणे 12,000 द्राख्मा (ग्रीक नाणी). सगळ्यांना माहीत होतं, बोलत कुणी नव्हतं. कॅटोने एकेकाला बोलावलं, तोंडावर जाब विचारला आणि पैसे परत मागितले. पैसे गेलेच, शिवाय त्यांच्यावर लगोलग खुनाचे खटले उभे राहिले.

म्हणजे व्हॅरोने सांगितलेली दोन्ही कामं, पैशाचा शोध आणि खुनाचा शोध, एकाच माणसाच्या एका वर्षाच्या कारकिर्दीत अशी एकत्र आली. आजच्या इटलीतही प्रांताच्या पोलीस प्रमुखाला 'क्वेस्तोरे' म्हणतात, आणि तिथल्या संसदेच्या अंतर्गत खर्चावर देखरेख ठेवणारे सदस्यही 'क्वेस्तोरी'च.

त्यामुळे मराठीत एकच शब्द निवडायचा झाला तर मी 'तपासनीस' निवडेन. याहून चपखल शब्द कुणाला सुचत असेल तर जरूर सांगा, मला खरंच हवा आहे.