मेटफॉर्मिनवर बंदी? कुठे, कधी, कोणी घातली?

‘मेटफॉर्मिनवर जगभर बंदी! कॅन्सर होतो हे सिद्ध. औषध स्वस्त म्हणून कंपन्यांनीच काटा काढला. आजच बंद करा.’ मधुमेहाच्या गोळीबद्दलचा हा मजकूर अजून फिरतोय. एकेक वाक्य घेऊ.

जगभर बंदी. कुठेच नाही. डिसेंबर २०१९ मध्ये सिंगापूरच्या औषध नियामकाने तिथली ४६ मेटफॉर्मिन उत्पादनं तपासली आणि एनडीएमए नावाची अशुद्धी मर्यादेपेक्षा जास्त सापडली म्हणून त्यातली ३ परत मागवली. मे २०२० मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, त्याच कारणासाठी पाच कंपन्यांना काही माल मागे घ्यायला सांगितला. तोही फक्त हळूहळू विरघळणाऱ्या, ‘एक्सआर’ किंवा ‘एसआर’ प्रकारातला. साध्या गोळ्यांत एफडीएला तेव्हा हा दोष आढळला नव्हता. बंदी बघायची असेल तर याच कुळातल्या फेनफॉर्मिनची बघा. रक्तातलं लॅक्टिक आम्ल जीवघेणं वाढायचं, म्हणून १९७०च्या दशकात ते अमेरिकेच्या बाजारातून गेलंच. मेटफॉर्मिन मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आजही आहे.

कॅन्सर सिद्ध. दोष मेटफॉर्मिनचा नव्हता, काही गोळ्यांत मिसळलेल्या एनडीएमए या अशुद्धीचा होता. हाच पदार्थ २०१८ मध्ये रक्तदाबाच्या व्हल्सार्टनमध्ये आणि २०१९ मध्ये आम्लपित्ताच्या रॅनिटिडिनमध्येही सापडला. त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलंय, म्हणून काळजी रास्तच. पण दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही त्याची मर्यादा कशी ठरली, हे कोणी सांगत नाही. तेवढं एनडीएमए सत्तर वर्षं रोज पोटात गेलं तर लाखात साधारण एक जास्तीचा कर्करोग होईल, असा तो हिशेब आहे. खारवलेल्या-धुरावलेल्या मांसातही थोडं एनडीएमए असतंच.

कंपन्यांनी काटा काढला. आधीच्या वाक्यात औषध घातक आणि या वाक्यात ते बिचारं निर्दोष. दोन्ही एकदम खरं कसं असेल? माल तर कंपन्यांनाच मागे घ्यावा लागला, भुर्दंडही त्यांनाच. नव्या औषधांत नफा जास्त, हे मान्य. पण मेटफॉर्मिनचं पेटंट केव्हाच संपलंय, ते असंख्य कंपन्या बनवतात. त्या सगळ्यांनी आपलंच दुकान का बंद करावं?

आजच बंद करा. इथे मात्र चेष्टा नको, कारण या वाक्याने खरंच नुकसान होतं. गोळी सोडली की साखर चढते आणि बरेच दिवस काही जाणवतही नाही. माल परत मागवतानाच एफडीएने सांगितलं होतं, की डॉक्टरांनी पर्याय देईपर्यंत गोळ्या चालू ठेवा.

माल परत मागवल्याच्या खऱ्या सूचनेत कंपनी, गोळीची मात्रा, बॅच नंबर, मुदत हे सगळं असतं. या मजकुरात त्यातलं एकही नाही. बॅच नंबर स्ट्रिपच्या एका टोकाला छापलेला असतो, त्यामुळे गोळ्या दुसऱ्या टोकाकडून कापत जा. नाहीतर सूचना खरी असली तरी ताडून बघायला हातात काही उरत नाही.

आणि मेटफॉर्मिनबद्दल पुढे पाठवायचंच असेल, तर खरे बदल आहेत की. किडनीची गाळण्याची क्षमता, म्हणजे ईजीएफआर, ३० च्या खाली असेल तर ही गोळी देऊ नये, असं एफडीएने २०१६ मध्ये स्पष्ट केलं. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हा या गोळीचा सर्रास दिसणारा दुष्परिणाम आहे, असं ब्रिटनच्या नियामकाने २०२२ मध्ये सांगितलं. हातापायांना मुंग्या येत असतील, तर डॉक्टरांना बी-१२ च्या तपासणीबद्दल जरूर विचारा.