‘सगळं गिटवर आहेच’ म्हणणाऱ्यांना

डेव्हलपर मंडळींत एक मत सतत फिरत असतं: ओपन सोर्स (कोड सर्वांना खुला असलेल्या) प्रकल्पांच्या जुन्या रिलीज, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या आवृत्त्या जपणं, त्यांचे मिरर (इतर सर्व्हरवरच्या हुबेहूब प्रती) चालवणं आता निरर्थक आहे. कारणं तीन सांगतात. सोर्स कोड गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात, असतोच. असे प्रकल्प ठेवणारी गिटहब ही साइट कुठे पळून जात नाही. आणि जुन्या आवृत्त्या असुरक्षित, त्या काढून टाकलेल्याच बऱ्या. तिन्ही कारणं मला चुकीची वाटतात, आणि पहिलं तर घातक.

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड युटिल्स या फायली आकसवणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत बॅकडोअर, म्हणजे गुपचूप घुसण्याची चोरवाट, सापडला. एसएसएच (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनला नेहमीपेक्षा जास्त वेळ का लागतोय, हे डेव्हलपर अँड्रेस फ्रॉइंड यांनी चिकाटीने शोधलं म्हणून तो उघडकीस आला. घातक कोड चाचणीच्या फायलींत दडवून रिपॉझिटरीत, म्हणजे प्रकल्पाच्या गिटमधल्या कोडसाठ्यात, ठेवलेला होता. पण बिल्ड होताना, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम बनताना, तो आत ओढून घेणारी एम४ स्क्रिप्ट (बिल्डच्या सूचनांची फाइल) होती फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये, म्हणजे डाउनलोडसाठी एकत्र बांधलेल्या फाइलमध्ये. नुसतं गिट वाचत बसलेल्याला ती दिसलीच नसती! त्यातच गिटहबने ती रिपॉझिटरी काही काळ बंद केली. डेबियनसारख्या डिस्ट्रो (लिनक्सचे वापरायला तयार संच) मूळ टारबॉल आपल्या आर्काइव्हमध्ये ठेवतात, ते अशा वेळी कामी येतं. टॅग (गिटमध्ये रिलीजला लावलेली खूण) आणि टारबॉल एकच, हे गृहीतच मुळात खोटं आहे.

गिटहब आपोआप बनवतं त्या आर्काइव्ह फायलींवरही विसंबू नका. जानेवारी २०२३ मध्ये कॉम्प्रेशनच्या एका बदलामुळे त्यांचे चेकसम (फाइल बदलली का हे पडताळायला तिच्यावरून काढलेले आकडे) बदलले आणि ते जुळवून पाहणारे जगभरचे बिल्ड मोडले. तो बदल लगेच मागे घ्यावा लागला.

‘गिटहब कुठे जात नाही’ हे गूगल कोड या कोड ठेवायच्या साइटबद्दलही वाटत होतं. ते २०१६ च्या जानेवारीत बंद झालं. गिटोरियस ही तशीच साइट त्याआधीच, २०१५ मध्ये गेली. बिटबकेट या साइटने २०२० मध्ये मर्क्युरियल (गिटसारखंच दुसरं साधन) रिपॉझिटरी काढून टाकल्या. सॉफ्टवेअर हेरिटेज या कोड जपणाऱ्या संग्रहाने धावपळ करून त्यांतल्या अडीच लाखांच्या आसपास वाचवल्या नसत्या, तर किती प्रकल्पांचा इतिहास गेला असता याचा विचार करा.

राहिला सुरक्षेचा मुद्दा. जुनी आवृत्ती सर्व्हरवर चालवू नये, हे मान्यच. पण चालवणं वेगळं, जपणं वेगळं. एक्सझेडच्या वेळी डेबियनने तातडीने ५.४.५ वर माघार घेतली, ती जुनी आवृत्ती हाताशी होती म्हणूनच. एखादी त्रुटी नेमकी कोणत्या रिलीजपासून शिरली, हे शोधायलाही जुन्या फायलीच लागतात. अपाची (अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणारी संस्था) आणि डेबियन दोघांनीही जुन्या रिलीजसाठी वेगळे आर्काइव्ह सर्व्हर ठेवले आहेत. नवख्याच्या हाती चुकून जुनं पडू नये म्हणून एवढी सोय पुरते.

एक अट मात्र मी आग्रहाने घालीन. टारबॉलसोबत प्रसिद्ध करणाऱ्याची डिजिटल सही आणि चेकसमच्या फायलीही ठेवा, नाहीतर मिररवरच्या प्रतीत कुणी फेरफार केला तरी कळणार नाही. सही म्हणजे कोड निर्दोष असल्याची हमी नव्हे. एक्सझेडच्या त्या टारबॉलवर खुद्द देखभाल करणाऱ्याचीच सही होती. पण आज हातात असलेली फाइल त्या दिवशी प्रसिद्ध झालेलीच आहे, एवढं सहीमुळे ठामपणे सांगता येतं, आणि तपासाची सुरुवात तिथूनच होते.