पदकाआधीचा पगार

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक मिळवलं. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळालं. त्यानंतर आमच्या कोल्हापूरकर मित्रांच्या ग्रुपवर भांडण सुरू झालं ते एकाच मुद्द्यावर: बक्षीस किती? त्याच्या वडिलांनी रक्कम कमी असल्याचं जाहीर बोलून दाखवलं, लगेच हरियाणाचे आकडे निघाले. आणि अशा वादात हमखास येणारं वाक्य आलंच. ‘तिकडं अमेरिकेत बघा, सरकार दमडी देत नाही, कोटा नाही, वशिला नाही. ज्याच्यात दम तो वर येतो.’

मी राहतो मिनेसोटात. ‘दम असेल तो वर येतो’ याचा दाखला म्हणून इथं ज्याचं नाव घेतात तो अ‍ॅडम थीलन. अमेरिकन फुटबॉलमधला वाइड रिसीव्हर, म्हणजे ठरलेल्या वाटेनं सुसाट पळत, पाठीवरच्या बचावपटूला चकवून, क्वार्टरबॅकनं लांबवर फेकलेला चेंडू झेलणारा गडी. डेट्रॉइट लेक्स या इथल्याच लहानशा गावचा. मोठ्या विद्यापीठांनी त्याला विचारलं नाही. मॅनकेटोच्या सरकारी विद्यापीठानं दिली ती ५०० डॉलरची शिष्यवृत्ती. एवढ्यात इथं पुस्तकंसुद्धा धड होत नाहीत. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये व्यावसायिक संघांनी सात फेऱ्यांत पाळीपाळीनं कॉलेजचे खेळाडू उचलले, त्यात त्याचं नाव कुणी घेतलं नाही. इथल्या व्हायकिंग्ज संघानं त्याच ड्राफ्टमध्ये आपल्या चार पाळ्या दुसऱ्या संघाला देऊन पहिल्या फेरीत कॉर्डरेल पॅटरसन हा रिसीव्हर मिळवला होता. थीलन दाताच्या डॉक्टरांना उपकरणं विकायच्या नोकरीचा विचार करत होता. मग नवख्यांच्या शिबिरात नुसतं चाचणीपुरतं बोलावणं आलं आणि त्यातून करार झाला.

उन्हाळी सरावात ९० जण असतात, हंगामाला ५३ उरतात. थीलन उरला नाही.

पण त्याला प्रॅक्टिस स्क्वाडमध्ये ठेवलं. ही मंडळी आठवडाभर संघाबरोबर घाम गाळतात आणि रविवारी सामना बघतात. या घामाचे त्या वर्षी आठवड्याला किमान ६,००० डॉलर मिळत. हंगाम तेव्हा १७ आठवड्यांचा. म्हणजे एकही झेल न घेता लाखभर डॉलर! २०१४ मध्ये तो मुख्य संघात आला खरा, पण काम बहुतेक स्पेशल टीमचं: किक मारली की धावत सुटायचं, समोरच्याला पाडायचं. त्या वर्षी ८ झेल, पुढच्या वर्षी १२. आपल्याकडं एखाद्या काकांनी एव्हाना ‘बाळा, आता स्पर्धा परीक्षेचं बघ’ म्हणून बाजूला घेतलं असतं. २०१६ मध्ये मात्र ६९ झेल, ९६७ यार्ड (म्हणजे झेलांवर संघाला पुढं नेलेलं अंतर); नाताळच्या आदल्या दिवशी ग्रीन बेमध्ये एकाच सामन्यात २०२ यार्ड. त्याच वर्षी व्हायकिंग्जनी पहिल्या फेरीत घेतलेल्या लक्वान ट्रेडवेलनं हंगामभरात एक झेल घेतला. एक. २०१८ मध्ये थीलननं सुरुवातीच्या सलग आठ सामन्यांत शंभरावर यार्ड काढले.

मेरिटवाले इथं टाळ्या वाजवतात. मला दिसते ती निवडणाऱ्यांची घोडचूक, आणि ती त्यांच्या ध्यानात येईपर्यंत त्या पोराला मिळत राहिलेला पगार. दम होताच, पण २०१३ साली पोट त्या पगारावर चाललं.

‘सरकार दमडी देत नाही’ हे तर धादांत खोटं. इथल्या सरकारी शाळांची मैदानं आणि प्रशिक्षक आमच्या घरपट्टीतूनही पोसले जातात. २०१६ साली उघडलेल्या व्हायकिंग्जच्या स्टेडियममध्ये राज्य आणि शहर मिळून जवळपास ५० कोटी डॉलर जनतेचे आहेत. अब्जाधीश मालकांच्या संघासाठी! याचं कौतुक मला अजिबात नाही.

आता स्वप्निलकडं बघू. आधी राज्याची क्रीडा प्रबोधिनी, २०१५ पासून रेल्वेची नोकरी, २०२४ मध्ये पदक. ‘ऑलिंपिकवीर आणि टीसी?’ म्हणून ग्रुपवर हळहळ झाली. मला विचाराल तर रेल्वे हाच आपला प्रॅक्टिस स्क्वाड, आणि एका बाबतीत इथल्यापेक्षा बरा: थीलनला कुठल्याही आठवड्यात नारळ मिळू शकत होता, रेल्वेत तसं होत नाही. दोष दुसरीकडं आहेत. ती नोकरी मिळते तीच आधी नाव कमावलेल्याला, आणि स्वप्निलची बढती आली तीही पदकाच्या पाठोपाठ. शाळा सुटल्यापासून नोकरी लागेपर्यंतची मधली वर्षं बहुतेक घरांत बापच रेटतो. नेमबाजीत तर रायफल आणि गोळ्यांचा खर्चच शेतकऱ्याला किंवा मास्तरला घाम फोडतो.

बक्षीस द्यावंच, हात आखडू नये. पण ते पोचतं जिंकलेल्याच्या घरी, जिंकून झाल्यावर. एका कोटीत महिना २५ हजारांप्रमाणे तेहतीस पोरं वर्षभर सांभाळता येतात. त्यातली तीस कुठंच चमकणार नाहीत, हे धरूनच तो पैसा काढायचा असतो. थीलनबरोबर त्या स्क्वाडमध्ये आणखीही पोरं होती.