अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या युनियन कायद्याबद्दल खुलासा

'मिशिगनमध्ये आता बांधकाम कामगाराला युनियनचं सभासद व्हावंच लागतं' असा मेसेज फिरतोय. न तपासता मीही तो पुढे पाठवला होता, चूक माझीच.

२०१२ चा 'राइट टू वर्क' कायदा (युनियनला शुल्क देण्याची अट नोकरीसाठी घालायला बंदी करणारा) २०२३ मध्ये रद्द झाला आणि ही रद्दबातल १३ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झाली, इतकं खरं. पण कायदा वाचल्यावर सक्ती कुठे दिसली नाही. युनियन आणि ठेकेदाराच्या करारात तसं कलम असेल, तरच युनियनला शुल्क द्यावं लागू शकतं. सभासदत्वाचा अर्ज न भरताही काम टिकतं. शिवाय बिगरसभासदाला त्या शुल्कातला राजकीय प्रचाराचा वाटा देणं नाकारता येतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८८ च्या बेक निकालाने ते ठरलंय. (हे तर मेसेजमध्ये नव्हतंच.)

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर काढून टाका.