२४९ ग्रॅमचा माज

आज सकाळी सोलापुरात कंबर तलावाच्या ट्रॅकवर एक ड्रोन चालणाऱ्या आजींच्या पुढ्यात, जेमतेम चार हातांवर आदळलं. एक पातं तुटून त्यांच्या पायाशी. आणि ज्याचं ड्रोन त्या पोराचं उत्तर काय? "आजी, २४९ ग्रॅमचं आहे, याला परवानगी लागत नाही."

कुणी सांगितलं बे?

२०२१ च्या ड्रोन नियमांत २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनोला पायलटचं सर्टिफिकेट आणि थर्ड पार्टी विमा माफ आहे. झोन माफ नाही! विमानतळाच्या हद्दीपासून साधारण पाच किलोमीटरपर्यंत रेड (खास परवानगीशिवाय बंद), पाच ते आठ यलो (आधी परवानगी घ्यायचीच). आठ ते बारामध्ये ६० मीटरपर्यंत मोकळीक, त्यापलीकडे ग्रीन झोनमध्ये १२०. आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून जून २०२५ पासून विमानं उडायला लागलीत. सिद्धेश्वर मंदिरसुद्धा तिथून सरळ रेषेत फार तर पाच-सहा किलोमीटर. सरकारच्या डिजिटल स्काय साइटवर झोनचा नकाशा फुकट दिसतो, उडवायच्या आधी आपली जागा कुठल्या रंगात आहे ते बघायला दोन मिनिटं लागतात. तेवढीही नाहीत?

सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी आठवते ना? विमानाला अडथळा म्हणून २०२३ मध्ये पाडली, त्यावरून गावात केवढं रामायण झालं. ती होती नव्वदेक मीटर. यांची ड्रोनं रील्ससाठी १२० वर जातात.

बरं, ते २४९ सुद्धा खरं नव्हतं. जास्त मिनिटं उडावं म्हणून मोठी बॅटरी लावलेली. म्हणजे वजन २५० च्या वर, ड्रोन नॅनोतून पुढच्या मायक्रो वर्गात, आणि विमा सक्तीचा.

पडलं का, तेही ऐका. पठ्ठ्यानं झाडाखालून उडवलं. पानांच्या आड सॅटेलाइट पुरते मिळत नाहीत, होम पॉइंट, म्हणजे ड्रोननं परत यायची जागा, जमिनीवर नोंदलाच जात नाही. तो नोंदला गेला वर हवेत, ड्रोन फांदीच्या डोक्यावर असताना. मग पाण्यावर मीटरभर उंचीवर आणलं. लाटा हलल्या की पोटातला कॅमेरा गोंधळतो, ड्रोन डुलायला लागतं. घाबरून रिटर्न-टू-होम दाबलं. ड्रोन इमानदारीत नोंदलेल्या जागी आलं आणि फांदीतून सरळ खाली. आजी तिथंच.

मोकळ्यावर ठेवा, होम पॉइंट नोंदला असं ॲप सांगेपर्यंत थांबा, पाण्यावर चार-पाच मीटरच्या खाली येऊ नका, बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरवा. यात रॉकेट सायन्स काय आहे?

संक्रांतीतल्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेचं तर विचारूच नका. खाली नंदीध्वज, अक्षतांची गर्दी, वर संक्रांतीचे पतंग. नायलॉन मांजा मोटरीत गुंडाळला की मोटर जागीच थांबते, आणि चारातली एक गेली की ड्रोन दगडासारखं पडतं. पोलिसांना एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता रेड झोन लावता येतो. लावला की लगेच बोंब, "आमच्या कलेवर गदा".

हां, पोरांना हक्कानं उडवायला गावाजवळ एक मैदान नाही, हे मान्य. आणि नियम सोप्या मराठीत कुणी सांगत नाही, तेही.

पोरगं वाईट नव्हतं. तोंड उतरलं होतं बिचाऱ्याचं. आजींनीच वाकून पातं उचललं, "घे बाळा, डोळा वाचला माझा" म्हणाल्या. त्यानं ते खिशात टाकलं, सॅकमधून नवं काढलं, बारीक स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि बसवायला लागला. त्याच झाडाखाली.