कॅमकॉर्डर दिसत नाही म्हणून कार्ड फॉरमॅट करू नका

जुना कॅमकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला तरी दिसत नसेल, तर त्यावरचे 'हमखास उपाय' सांगणारा एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. फॉरमॅट विचारलं तर 'हो' म्हणा, फायरवायरचा (टेपवाल्या जुन्या कॅमेऱ्यांच्या केबलचा) पोर्ट नसेल तर यूएसबीचं कनेक्टर लावा, ड्रायव्हर पॅक (कॉम्प्युटरला कॅमेरा ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) टाका, कुठलीही यूएसबी केबल चालते, आणि एवढं करूनही जमलं नाही तर पोर्ट जळालाय, कॅमेरा भंगारात द्या. मावशीने हा मेसेज वाचून मला फोन केला, "दाबू का गं फॉरमॅट?" तिच्या कार्डावर काकांचं शेवटच्या वर्षांतलं चित्रण आहे. ती विचारायला थांबली. सगळे थांबत नाहीत, म्हणून मला राग आलाय.

फॉरमॅटचंच आधी बोलू. ३२ जीबीपेक्षा मोठी एसडीएक्ससी कार्डं एक्सफॅट या पद्धतीने माहिती ठेवतात. विंडोज एक्सपीसारख्या जुन्या प्रणालीला वेगळा अपडेट टाकल्याशिवाय एक्सफॅट कळत नाही. कार्ड ठणठणीत असतं, चित्रण जागच्या जागी असतं, फक्त त्या कॉम्प्युटरला ते वाचता येत नाही. न कळलेलं कार्ड तो कोरं समजतो आणि फॉरमॅट करू का विचारतो. 'हो' म्हटलं की कार्ड दिसायला लागतं हे खरं, पण रिकामं! सोनीच्या हॅन्डीकॅमच्या माहितीपुस्तिकांमध्ये नेमकं हेच बजावलंय: एक्सफॅट न ओळखणाऱ्या यंत्राला जोडल्यावर फॉरमॅटची सूचना आली तर ती पाळू नका, सगळं चित्रण जाईल. कॅमेरा बनवणारा 'करू नका' म्हणतो आणि मेसेज 'करा' म्हणतो. कोणाचं ऐकायचं हे मी वेगळं सांगायला नको.

सूचना आली की 'रद्द करा' दाबायचं, कार्ड काढून नव्या कॉम्प्युटरच्या कार्ड रीडरमध्ये घालून बघायचं. दिसलं तर एकेक क्लिप न उचलता कार्डावरचे सगळे फोल्डर जसेच्या तसे कॉपी करायचे. कोणी फॉरमॅट करून बसलंच असेल, तर त्या कार्डावर आता एक फोटोही काढू नका. क्विक फॉरमॅटमध्ये बहुधा फाइलींची यादीच पुसली जाते. वर नवीन काही लिहिलं गेलं नाही तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने बरंचसं परत मिळू शकतं.

फायरवायरला यूएसबीचं कनेक्टर लावण्याचा सल्लाही असाच. टोकं जुळवून दोघांची भाषा जुळत नाही. मिनीडीव्ही टेपवरचं चित्रण फायरवायरने, म्हणजे सोनीच्या कॅमेऱ्यावर आय-लिंक लिहिलेल्या भोकातून, बाहेर येतं. त्याच कॅमेऱ्याचा यूएसबी पोर्ट अनेकदा फक्त मेमरी कार्डावरच्या फोटोंसाठी असतो. शिवाय टेप पेनड्राइव्हसारखी कधीच दिसत नाही. ती प्ले मोडमध्ये चालवून कॅप्चर, म्हणजे कॉम्प्युटरवर रेकॉर्ड, करावी लागते, तासाच्या टेपला तासभर, आणि साधारण १३ जीबी जागा.

ड्रायव्हरच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, तेवढं मान्य करते. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने फायरवायरचा जुना 'लेगसी' ड्रायव्हर काढून टाकला आणि त्यामुळे काही कॅमेरे दिसेनासे झाले. पण तो ड्रायव्हर मायक्रोसॉफ्टनेच वेगळा दिला होता आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन तो हाताने निवडावा लागतो. मेसेजमधल्या अनोळखी लिंकवरच्या पॅकची त्यासाठी काहीच गरज नाही. मॅकवाल्यांसाठी: २०२५ च्या टाहो या मॅकच्या प्रणालीमध्ये फायरवायरचा आधारच काढलाय, तिथे कुठलाही पॅक टाकून उपयोग नाही.

'कुठलीही केबल' चालत नाही. काही केबल नुसत्या चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. अनेक कॅमेरे चार्जर लावल्याशिवाय आणि स्वतःच्या पडद्यावर 'यूएसबी कनेक्ट' निवडल्याशिवाय कॉम्प्युटरशी बोलत नाहीत.

राहिला जळालेला पोर्ट. जळूही शकतो, सहा पिनांच्या फायरवायरमध्ये वीज असते, प्लग उलटा दामटला तर नुकसान होतं. पण तरीही टेप कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसत असेल, तर एव्ही आउटमधून, म्हणजे टीव्हीला जोडायच्या भोकातून, यूएसबी कॅप्चर यंत्रात चित्रण उतरवता येतं. दर्जा थोडा उतरतो, पण चित्रण हाती लागतं.